देवपिंपरीचे सत्त्याण्णव गुण

रुग्णवाहिकेच्या टायरांना काळं पॉलिश लावलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं ते देवपिंपरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात. गाडी पोर्चमध्ये उभी होती. बॉनेटवर झेंडूचा हार, काचा पुसून लख्ख, आणि शेजारी डॉक्टर गवांदे, मुलाच्या लग्नात उभं राहावं तसे.

"बोट फिरवून बघा कुलथे सर," ते म्हणाले. "धूळ सापडली तर तीन गुण कापा."

मी खरंच बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं. 'वाहन स्वच्छ व सुस्थितीत' या निकषासमोर मी तीनपैकी तीन लिहिले आणि आम्ही दोघं पोहे खायला आत गेलो.

मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. संख्याशास्त्रात एम. एस्सी., आणि जिल्ह्याच्या आरोग्य विभागानं नेमलेल्या एका सल्लागार संस्थेत मूल्यमापन अधिकारी. काम सरळ होतं. दर तिमाहीला प्रत्येक केंद्रावर जायचं, बासष्ट निकषांचा फॉर्म भरायचा, शंभरपैकी गुण द्यायचे. गुणांवर केंद्राचा प्रोत्साहन निधी ठरायचा, आणि कंत्राटी लोकांची नोकरीही. सलग तीन तिमाही पंचेचाळीसच्या खाली गेलं, की त्या केंद्रातल्या कंत्राटी लोकांचे करार पुढे वाढवायचे नाहीत, असा नियम होता. फॉर्म मी तयार केला होता. बासष्टच्या बासष्ट निकष माझे. त्याचा मला अभिमान होता, हे लपवण्यात आता काही अर्थ नाही.

देवपिंपरी जिल्ह्यात पहिलं होतं. सलग चार तिमाही केंद्रात एकही मृत्यू नाही. दर रुग्णामागे सरासरी साडेतीन मिनिटं. बाहेर पाठवलेले रुग्ण तीन महिन्यांत फक्त चार. चारपर्यंत सूट होती; त्यापुढं एका रुग्णाला दुसरीकडे पाठवलं की दोन गुण जायचे आणि केंद्रात, किंवा तिथून पाठवल्यावर वाटेत, मृत्यू झाला की वीस. त्यामुळे लोक जबाबदारीनं वागतील, असा माझा हिशेब होता.

"सर, तुमच्या फॉर्मनं शिस्त लावली आम्हाला," गवांदे म्हणाले. "पूर्वी इथं कोणीही यायचं, कशाही अवस्थेत."

"आणि आता?"

"आता कसं, सिस्टिम आहे."

मी खिडकीपाशी बसलो होतो. बाहेर फाटकातून एक पिकअप आत आली. मागं निळी ताडपत्री, लाकडी कडांवर विटांचा लाल चुरा. एक सिस्टर पायऱ्या उतरून गेली, गाडीच्या मागच्या फळीवर हात ठेवून आत डोकावली, काहीतरी बोलली. ड्रायव्हर खाली उतरून हातवारे करत होता. मग तो पुन्हा चढला आणि गाडी वळून बाहेर पडली. माझ्या बशीतले पोहे अजून संपले नव्हते.

"कोण होतं?" मी विचारलं.

"पत्ता विचारत असतील," गवांदे म्हणाले. "लिंबू घ्या ना सर."

मी लिंबू घेतलं.

निघताना फाटकावर वॉचमन शेषराव उभा होता, माजी सैनिकाचा ताठा आणि काखेत लांबट वही. आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या प्रत्येक वाहनाचा नंबर आणि वेळ. माझा सत्तेचाळीसावा निकष, 'वाहन नोंदवही अद्ययावत', दोन गुण. वही अद्ययावत होती. अक्षर तर असं, की शाळेच्या फळ्यावर लावावं. मी शेवटच्या ओळीखाली सही ठोकली, वेळ लिहिली दहा तीस, आणि बोलेरोत बसलो. एकूण सत्त्याण्णव. तीन कापले होते, कारण शंभर दिले की वरिष्ठांना संशय येतो.

पुढचं केंद्र खडकीघाट. सव्वीस किलोमीटर, त्यातले वीस खड्डे वाचवत जायचे. जिल्ह्यात शेवटून पहिलं. मागच्या दोन तिमाहींत त्रेचाळीस आणि एकेचाळीस, आणि ही तिसरी होती. मागच्या अहवालात मी स्वतः लिहिलं होतं, 'गुंतागुंतीच्या रुग्णांचं प्रमाण असामान्यपणे जास्त. कर्मचाऱ्यांमध्ये कौशल्याचा अभाव असावा.' वाक्य मला आवडलं होतं. 'असावा' मध्ये एक सभ्यपणा होता.

खडकीघाटला पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. आवारात ती पिकअप उभी होती. निळी ताडपत्री, विटांचा चुरा. मागच्या फळीवरून काहीतरी ठिबकून खाली मातीत काळं पडलं होतं. मला वाटलं ऑइल गळतंय.

व्हरांड्यात कोणी नव्हतं. बाळंतपणाच्या खोलीचं दार सताड उघडं. मी दारात उभा राहून घसा खाकरला.

"मी कुलथे. मूल्यमापनासाठी आलोय."

आतली बाई पंचेचाळिशीची असेल. चष्मा कपाळावर, कोपरापर्यंत रक्त. भिंगारदिवे सिस्टर. कंत्राटी, अकरा वर्षं. ही माहिती माझ्या फायलीत होती.

"या," ती मान वर न करता म्हणाली. "हात धुवा आणि ही बाटली धरा. स्टँडचा खिळा तुटलाय. उंच धरा, अजून उंच."

"डॉक्टर कुठं आहेत?"

"जिल्ह्याला. मीटिंग आहे ना तुमची."

"आमची?"

"कमी गुण का पडतात, त्याची मीटिंग. औषधं देणाऱ्यालापण बोलवलंय. दुसरी सिस्टर वस्तीवर लस द्यायला गेली. मी आहे. बाटली खाली येतेय, साहेब."

मी बाटली वर केली. टेबलावर एक मुलगी पडली होती. मुलगीच, बावीस-तेवीसची. ओठ कागदासारखे. कोपऱ्यात एक म्हातारी भिंतीला टेकून, मांडीवर लुगड्यात गुंडाळलेलं बाळ. सिस्टरनं एक हात खालून आणि दुसरा पोटावरून असं घट्ट दाबून धरलं होतं. तिचे दंड थरथरत होते.

"काय झालंय?"

"सकाळी सातला भट्टीवरच मोकळी झाली. पोरगी चांगली आहे. वार अर्धी आत अडकून राहिली आणि रक्त थांबेना." मग आवाज एकदम बदलून, त्या मुलीला, "कांचन, झोपायचं नाही हं. माझ्याकडं बघ. बोल काहीतरी."

"पाणी," कांचन म्हणाली.

"देते हं. ओठ ओले करते फक्त." कापसानं ओठ ओले करून ती मला म्हणाली, "तुमच्याकडं ते घड्याळ असतं ना, मिनिटं मोजायचं?"

गळ्यात स्टॉपवॉच होतं. रुग्णामागे किती वेळ जातो ते मोजायला.

"चालू करा. दर पाच मिनिटांनी सांगा. मला हात काढता येत नाही आणि नाडी बघायचीय."

मी चालू केलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच ते घड्याळ कोणाच्या तरी उपयोगी पडत होतं.

"रुग्णवाहिका?"

"मागवलीय. तालुक्याची गाडी अपघातावर गेलीय, दीड तास म्हणाले. तुमच्या गाडीत आडवी होणार नाही ही, आणि बसवली तर वाटेतच जाईल. हिला रक्त पाहिजे. अकराला माझ्याकडं आली तेव्हाच अर्धं सांडून आली होती." तिनं म्हातारीकडं मान वळवली. "मावशी, हिला आणायला चार तास कसे लागले ते सांगा यांना."

म्हातारीचं नाव हौसाबाई. कांचनची सासू. ती माझ्याकडं न बघता बोलली.

"काय सांगू ओ. भट्टीचा मालक पिकअप द्यायला तयार नव्हता, नऊ वाजवले त्यानं. मग देवपिंपरीला गेलो. तिथं मोठा दवाखाना, डॉक्टर हाय, गाडी हाय हार घातलेली. त्या बाईनं वरूनच बघितलं. म्हणली, इथं नाही जमायचं, आज साहेब आलेत. खडकीघाटला न्या. तिथली सिस्टर घेते. ती नाही म्हणत नाही."

बाटली खाली आली असावी, कारण सिस्टर पुन्हा म्हणाली, "वर."

"देवपिंपरीहून जिल्हा रुग्णालय चाळीस किलोमीटर," मी म्हणालो. "डांबरी रस्ता. तिकडं का नाही पाठवलं?"

"मोठ्या दवाखान्यात चिठ्ठी मागतात," सिस्टर म्हणाली. "चिठ्ठी दिली की रजिस्टरला नाव आलं. नाव आलं की दोन गुण गेले. आणि वाटेत काही झालं तर वीस. तुम्ही तिकडूनच आलात ना? पोहे खाल्ले असतील. चांगले करतात म्हणे."

पाच मिनिटं झाली. मी सांगितलं. तिनं एक हात कसाबसा मोकळा करून मनगट धरलं.

मी बाटली कांचनच्या नवऱ्याकडं दिली. बापू त्याचं नाव, तोच पिकअप चालवत होता. त्याचे हात विटांच्या रंगाचे. मी व्हरांड्याच्या त्या एका पायरीवर गेलो जिथं फोनला रेंज येत होती.

"गवांदे, कुलथे बोलतोय. तुमची रुग्णवाहिका खडकीघाटला पाठवा. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं सर?"

"तुमच्याकडून आलेली बाळंतीण आहे. रक्त थांबत नाही."

"आमच्याकडून?" ते थांबले. "सर, आमच्या रजिस्टरला सकाळपासून एकही बाळंतीण नाही. तुम्हीच तपासलंत. तुमची सही आहे."

"ती निळी ताडपत्रीवाली पिकअप. मी बघितलीय."

"ते पत्ता विचारत होते, सर."

"गवांदे, गाडी पाठवा."

"पाठवतो ना! नाही कुठं म्हणतोय? फक्त नोंदणी क्रमांक काय टाकू ते सांगा. रुग्णाच्या क्रमांकाशिवाय गाडी हलली की गैरवापर, उणे पाच. तुमचाच निकष आहे सर, एकेचाळीस नंबर."

होता. दुसऱ्या तालुक्यातल्या एका डॉक्टरनं रुग्णवाहिकेतून पुतण्याच्या लग्नाची भांडी नेली होती, म्हणून मी तो घातला होता. तेव्हा सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं.

"मी सांगतोय ना! माझी जबाबदारी!"

"तेच दोन ओळीत लेखी पाठवता का सर? मेसेज चालेल. उगाच उद्या माझ्यावर यायला नको."

मी तो फोन पायरीवर आपटायला हवा होता. आपटला नाही, कारण त्याच्यावरूनच लेखी पाठवायचं होतं. 'मूल्यमापन अधिकारी या नात्यानं विशेष बाब म्हणून परवानगी देत आहे.' हे असलं वाक्य मी अंगठ्यांनी लिहिलं, एक माणूस मरत असताना, आणि ते जायला सहा मिनिटं लागली. गाडी तिथून निघाली बारा वाजून पाच मिनिटांनी. आधी बॉनेटवरचा हार काढून ठेवला, हे मला नंतर समजलं. तो फोटोसाठी परत लागणार होता.

आत आलो. बापूनं बाटली माझ्याकडं दिली आणि तो बाहेर पिकअपच्या चाकाशी जाऊन बसला. त्याला आत थांबवत नव्हतं.

"मावशी," कांचन अगदी हळू म्हणाली. सासूला नाही, सिस्टरला. "पोरगी का पोरगा?"

"पोरगी. झकास आहे."

"नाक कुणासारखंय?"

सिस्टरनं हौसाबाईला मान हलवून जवळ बोलावलं. बाळ टेबलाच्या कडेशी आणलं. कांचननं मान वळवायचा प्रयत्न केला, पुरती वळली नाही.

"तुझ्यासारखंय," सिस्टर म्हणाली. "फेंदारलेलं."

कांचन हसली. म्हणजे ओठांची एक कड हलली. मी बघितलंय, म्हणून सांगतो.

मी पाच मिनिटं सांगत राहिलो. पाच. आणखी पाच. बारा वाजून चाळीस मिनिटांनी सिस्टरनं मनगट सोडलं नाही, पण दुसरा हात काढून घेतला, आणि म्हणाली, "बाटली ठेवा खाली, साहेब."

हौसाबाईनं एकदाच हंबरडा फोडला आणि मग बाळ रडायला लागलं म्हणून ती गप्प झाली.

बारा पंचावन्नला देवपिंपरीची गाडी आली. टायर अजून काळे होते.

सिस्टरनं हात धुतले. खूप वेळ धुतले. मग ती टेबलाशी बसली आणि रजिस्टर पुढं ओढलं. तिच्या करारासाठी यंदा एकच मृत्यू पुरेसा होता. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं, आणि मला वाटलं, निदान एवढं तर माझ्या हातात आहे.

"सिस्टर," मी म्हणालो, "'आणली तेव्हा मृत' असं लिहा."

तिनं वर बघितलं.

"तो मृत्यू मग कोणत्याच केंद्राच्या खात्यात येत नाही. तुमचे वीस वाचतात. मी सही करतो खाली. कोणी विचारणार नाही."

"साहेब, तिनं माझ्याकडं पाणी मागितलं."

"मला माहीत आहे, पण—"

"मेलेली बाई पोरीचं नाक कुणासारखं ते विचारत नाही." तिनं पेनाचं टोपण काढलं. "दुसरं म्हणजे, आणली तेव्हाच मेली असं लिहिलं तर ती बापूच्या गाडीत मेली असं होतं. उद्या पोलीस त्याला विचारणार, एवढा वेळ कुठं होतास. मग तो कुठं जाईल?"

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्या फॉर्ममध्ये बापू नव्हताच.

तिनं लिहिलं. नाव, वय, पत्ता वीटभट्टी, आली अकरा वाजता जिवंत, बारा चाळीसला मृत्यू. अक्षर जराही हललं नाही. मग तिनं माझ्या बगलेतला फॉर्म ओढून घेतला आणि पानं उलटायला लागली, एकदा पुढून, एकदा मागून.

"काय शोधताय?"

"शेरा. शेऱ्याचा रकाना कुठाय? ती देवपिंपरीला गेली होती, तिथून परत लावली, हे लिहिते."

तिनं शेवटचं पान पुन्हा उलटून बघितलं.

"आधीच्या फॉर्ममध्ये होता शेवटी," ती म्हणाली. "मी दर वेळी लिहायचे त्यात. अमुक बाई तिकडून आली, नाव न घेता पाठवली. तारखेसकट. माझ्याकडच्या मागच्या अडतीस अडलेल्या बायांपैकी निम्म्या तरी त्यांच्याच होत्या. पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंनी भरायचे मी तो रकाना. तुम्ही वाचलं असेल ना?"

मी वाचलं नव्हतं. कोणीच वाचलं नव्हतं. पहिल्या वर्षी जिल्ह्यातून चौदाशे फॉर्म आले आणि ते शेरे संगणकात भरायला वेळ जात होता. आढावा बैठकीत मी उभा राहून म्हणालो होतो, "सर, गुणांची बेरीज होते, शेऱ्याची होत नाही." निमकर साहेब, आमचे संचालक, खूश झाले. त्यांनी ते वाक्य पांढऱ्या फळ्यावर लिहिलं. सगळे हसले. त्या दिवशी रकाना निघाला आणि मला बढती मिळाली.

"तो काढला, सिस्टर," मी म्हणालो.

"कोणी?"

"वरून."

आयुष्यात इतकं घाण वाक्य मी दुसरं बोललो नाही. तिनं फॉर्म मिटून मला परत दिला, दोन्ही हातांनी, जसा ती कोणालाही देत असेल तसा.

मी परत देवपिंपरीला गेलो. गवांदे जेवायला घरी गेले होते. फाटकावर शेषराव होता. मी वही मागितली.

माझ्या सहीच्या अगदी वरची ओळ. पिकअपचा नंबर, आत दहा पाच, बाहेर दहा बारा. सात मिनिटं. मी मागची पानं उलटली. जीप, आत दोन दहा, बाहेर दोन सोळा. टेम्पो, नऊ मिनिटं. रिक्षा, पाच. ट्रॅक्टर, अकरा. त्या तिमाहीत अशी सत्तावीस वाहनं. आतल्या रजिस्टरमध्ये त्यांतलं एकही माणूस नव्हतं.

"शेषराव, ही वाहनं कशाला आली होती?"

"पेशंट घेऊन, साहेब. दुसरं कशाला येतील?"

"मग परत का गेली?"

"ते आतलं खातं. माझं काम गेटचं." त्यानं वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं. "पण नोंद पक्की आहे बरं का. खाली तुम्हीच सही केलीय."

दुसऱ्या दिवशी त्या पानांच्या झेरॉक्स मी निमकर साहेबांच्या टेबलावर पसरल्या. मी ओरडत होतो, असं बाहेर बसलेल्यांनी नंतर सांगितलं. कांचनबद्दल सांगितलं, हाराबद्दल, उणे पाचबद्दल. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. मधुमेही होते आणि बिनसाखरेचा चहा पीत होते.

"कुलथे, तुमचा संताप अगदी योग्य आहे," ते म्हणाले. "आता मला सांगा, तो फॉर्ममध्ये कुठं बसतो?"

"म्हणजे?"

"निकष कोणता? तुम्हीच काढलेत. दाखवा, मी लगेच गुण कापतो."

मी बासष्ट निकष बघितले. केंद्रातला मृत्यू, शून्य. खरं होतं, केंद्रात कोणी मेलं नव्हतं. बाहेर पाठवलेले, चार. खरं होतं, बाकीच्यांना आतच घेतलं नव्हतं. रुग्णवाहिका स्वच्छ होती. मी स्वतः बोट फिरवलं होतं. प्रत्येक रकान्यात खरी माहिती होती आणि प्रत्येक रकान्याखाली माझी सही.

"सत्तेचाळीस," मी शेवटी म्हणालो. "वाहन नोंदवही. वाहन कशासाठी आलं ते लिहिलेलं नाही. नोंद अपुरी आहे."

"झालं तर मग!" साहेबांनी लाल पेन उचललं. "दोन गुण."

सत्त्याण्णवचे पंच्याण्णव झाले. पहिला नंबर कायम राहिला. गवांद्यांना ढाल मिळाली आणि फोटोत मागं ती गाडी होती, हारासकट. खडकीघाटला अठ्ठेचाळीस पडले होते, त्यातून मृत्यूचे वीस गेले. पुढच्या तिमाहीत वाहन नोंदवहीचा निकष फॉर्ममधून निघाला. तो गोंधळ निर्माण करतो, असं ठरलं. त्या बैठकीला मी हजर होतो. मी नोकरी सोडली, असं सांगायला मला आवडलं असतं. मी तोच फॉर्म पुढं आणखी तीन जिल्ह्यांत लावला आणि आता त्याला सोळा वर्षं झाली.

भिंगारदिवे सिस्टरचा करार संपला त्या दिवशी मी खडकीघाटला गेलो होतो. का गेलो, ते सांगता येत नाही. ती कपाटाच्या किल्ल्या नव्या सिस्टरकडं देत होती. कोणती किल्ली अडकते, कोणती उलटी फिरवायची, ते सांगत होती. मला बघून तिनं टेबलाच्या खणातून स्टॉपवॉच काढलं.

"तुमचं राहिलं होतं. नाडीला वापरलं मी मधे. चांगलं आहे."

"ठेवा तुम्ही."

"नको. इथल्या यादीत नाही ते. उद्या हिशेब जुळणार नाही हिचा." तिनं ते माझ्या हातात ठेवलं. "हौसाबाई आली होती परवा, मृत्यूचा दाखला न्यायला. विचारत होती, आम्ही आधी देवपिंपरीला गेलो होतो ते कुठं लिहिलंय का? लिहिलंय का, साहेब?"

"आहे. तिथल्या गेटच्या वहीत."

"काय लिहिलंय?"

"पिकअपचा नंबर. आत दहा पाच, बाहेर दहा बारा."

"आणि कांचनचं नाव?"

"नाही. नाव नाही."

तिनं किल्ल्यांचा जुडगा नव्या सिस्टरच्या हातात ठेवला.

"मग तिथं नाव कोणाचंच नाही?"

"आहे," मी म्हणालो. "माझं."